जिन्याच्या पायऱ्या आणि श्वासाचे मिलिलिटर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें कीं भोसरी लागते आणि मोशी ओलांडल्यावर चाकण. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्यानंतर ह्या बाजूच्या माळांवर जे कारखाने उठले, त्यांपैकीं पुष्कळ मोटारींचे सुटे भाग करणारे आहेत. त्यांत फाउंड्र्याहि आहेत. तेथें वाळूचा साचा करतात, त्यांत तप्त बीड ओततात, थंड झाल्यावर साचा फोडतात व निघालेला माल ग्राइंडरवर घासतात. हें करतांना जी धूळ उडते, तिच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

दिसणाऱ्या धुळीची भीति फारशी नाहीं; ती बहुतेक नाकांत अडते. मिलिमीटरचे दोनशें भाग केले तर त्यांतील एका भागाहूनहि बारीक असे सिलिकाचे कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोंचतात. तेथील रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि स्वतः मरतात. शरीर ती जखम भरूं पाहतें आणि मागें वण राहतो. वण वाढत गेले कीं स्पंजासारखें मऊ फुप्फुस ताठर होतें. ह्यालाच फायब्रोसिस म्हणतात. पिंपरींतील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यांत 1955 सालीं पेनिसिलीन निघूं लागलें, जंतूंना मारणारें औषध दाराशीं आलें. पण पडलेला वण विरघळविणारें औषध जगांत अद्याप कोठेंहि नाहीं.

धुळीचा हा रोग, म्हणजे सिलिकोसिस, सामान्यतः दहा वर्षांहून अधिक काळानें उघड होतो. तोंपर्यंत कंत्राटी कामगारानें चार ठेकेदार बदललेले असतात. कदाचित् तो गांवीं परतलेलाहि असतो. क्ष-किरणांच्या चित्रांतील सावल्या क्षयाच्या समजल्या जाण्याचा संभव असतो. आणि सिलिकामुळें क्षयाचा धोका खरोखरच वाढत असल्यानें घोटाळ्यांत भर पडते. हा रोग आढळल्यास डॉक्टरानें सरकारास कळविलाच पाहिजे, असें 1948 च्या फॅक्टरी कायद्यानें ठरविलें. पण कळविण्यापूर्वीं तो ओळखावा लागतो! रामाझिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें 1700 सालींच सांगून ठेवलें कीं, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदाहि विचारा. केसपेपरावर 'मजुरी' एवढें लिहून भागत नाहीं. विटा वाहणें ही मजुरी, आणि बारा वर्षें ग्राइंडर धरणें हीहि मजुरीच.

मात्र हा कामगारांचाच रोग, असें समजून कोणी निश्चिंत राहूं नये. वण धरविणारे इतरहि विकार आहेत. 2012 ते 2015 ह्या काळांत भारतांतील 19 शहरांतून अशा जातीच्या विकारांच्या 1084 रुग्णांची नोंद झाली. जवळजवळ निम्म्यांचा रोग श्वासाबरोबर आंत गेलेल्या पदार्थांच्या वावड्यानें झालेला निघाला. पारव्यांची विष्ठा, ओलीची बुरशी, एअर-कूलर हीं त्याचीं कारणें आपल्याच खिडकीशीं असतात.

कारण न सांपडणाऱ्या फायब्रोसिसवर निन्टेडॅनिब हें औषध आहे. 2014 सालीं त्याच्या दोन जुळ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पहिलींत बनावट गोळी घेणाऱ्यांचा श्वास वर्षाकाठीं सुमारें 240 मिलिलिटरनें घटला, औषध घेणाऱ्यांचा सुमारें 115 नें. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु रोजच्या जगण्याविषयींची प्रश्नावली भरून घेतली, तेव्हां त्याच चाचणींत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. यंत्राला मिलिलिटर कळतात; रोग्याला कळतात त्या जिन्याच्या पायऱ्या, आंघोळीनंतरची धाप, रात्रभर चालणारा खोकला. माझ्या मतें ह्या दुसऱ्या हिशेबाला संशोधनांत दुय्यम लेखूं नये.

इंग्लंडांतील अँबॉक्स चाचणींत हा हिशेबच मुख्य धरला होता. बसल्या जागीं ठीक, पण चालतांना ज्यांच्या रक्तांतील प्राणवायु उतरतो अशा 84 रुग्णांना दोन आठवडे चालतांना प्राणवायु दिला, दोन आठवडे दिला नाहीं. प्राणवायूच्या आठवड्यांत त्यांचें जीवनमान सुधारलेलें दिसलें, असें 2018 सालीं प्रसिद्ध झालें. वण तेच, दिवस मात्र जरा सुसह्य झाला. शिकवून घेतलेल्या नियमित व्यायामानेंहि असाच लाभ होतो.

घरांत असा रोगी असल्यास डॉक्टरांकडे जातांना दोन कागद न्यावेत. एकावर त्यानें कोठें, कोणत्या यंत्रावर, किती वर्षें काम केलें तें असावें. दुसऱ्यावर गेल्या वर्षभरांत त्यानें काय काय करणें सोडलें तें. विचारल्यावर तो स्वतः बहुधा 'बरा आहे' एवढेंच म्हणेल; तेव्हां हा दुसरा कागद त्याच्या पत्नीनें लिहावा.