पडद्याआड कोण होतं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



नववीत एका ऑफ तासाला बाईंनी आपल्याला ‘हॅम्लेट’ची गोष्ट सांगितली होती, आठवतं? आगरकरांनी १८८३ मध्ये त्याचं ‘विकारविलसित’ केलं आणि हॅम्लेटचा चंद्रसेन झाला, हेही तेव्हाच कळलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “बाई, राजा गुडघे टेकून बसलाय, याच्या हातात तलवार आहे, मग हा मारत का नाही?” वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “मोठे झालात की मला सांगा.” आज ते उत्तर घेऊन आले आहे.

बहुतेक जण म्हणतात, हॅम्लेटचा निर्णयच होत नाही. मला तसं वाटत नाही. भुताच्या शब्दावर तो विसंबत नाही. दरबारात नाटक लावून काकाचा चेहरा तपासतो. आमच्याकडे याला टेस्टिंग म्हणतात. पुरावा मिळतो आणि लगेच काका एकटा सापडतो. तरी हा थांबतो, कारण प्रार्थनेत मेला तर काका स्वर्गात जाईल. वडिलांना तर पापाची कबुली द्यायलाही वेळ मिळाला नव्हता. त्याला नुसता जीव नको, पुरता हिशेब हवा. आणि तो गेल्यावर राजा स्वतःशी कबूल करतो की प्रार्थना फक्त ओठांवर होती!

पुढच्याच प्रवेशात आईच्या दालनात पडद्यामागून आवाज येतो. आता हा क्षणभरही थांबत नाही. तलवार खुपसतो, आणि मरतो म्हातारा पोलोनियस. नाटक संपेपर्यंत राजाखेरीज सात जीव जातात, त्यातला हा पहिला.

दहा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं. मी त्याच दिवशी बोलले नाही. मेल एका फोल्डरमध्ये जमवत राहिले. सगळे साहेब हजर असतील तेव्हाच बोलायचं ठरवलं. आठ महिन्यांनी तशी मीटिंग आली. त्याच्या आकड्यांतली चूक मी सगळ्यांसमोर मांडली. तो शांतपणे म्हणाला, “हे हिने केलंय.” शेजारची मुलगी नोकरीला लागून चार महिने झाले होते. ती डोळे पुसत बाहेर गेली. तो होता तिथेच राहिला.

शेवटच्या अंकात लेअर्टिस आहे. त्याचेही वडील मारले गेलेत. हॅम्लेटचा गळा चर्चमध्येही कापायला तो तयार होता. विषारी तलवारीने दोघेही मरणाच्या दारात पोचतात, तेव्हा तो म्हणतो, आपण एकमेकांना माफ करू. हॅम्लेट करतो. पण तेव्हा दोघांकडेही वेळ उरलेला नसतो.

मागच्या दिवाळीत मी त्या मुलीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, “मॅडम, मला वाटायचं तुमचा राग माझ्यावरच होता.” इतकी वर्षं ती ते मनात घेऊन होती.

तर बाई, माझं उत्तर असं. त्याने मारलं नाही, यात चूक नाही. पण तो सोडूनही देत नाही; चांगला मुहूर्त बघून वार राखून ठेवतो. राखून ठेवलेला वार पडद्याआड कोण आहे ते बघत नाही.

आपल्यातही काही जुने अबोले आहेत, मला ठाऊक आहे. जेवणाला अजून तासभर आहे. तेवढा पुरेल.