डोंगर कोणत्या खिडकीत?

विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताची खिडकी ‘ए’. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या एकाच मार्गिकेच्या विमानात उजवी खिडकी ‘एफ’; दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानात ती बहुधा ‘के’ असते. आसन घेताना नकाशावरची दिशा आधी पाहावी, रांगेचा क्रमांक नंतर. बहुतेक प्रवासी नेमके उलट करतात: धडपडून पुढची रांग मिळवतात आणि हिमालय पलीकडच्या खिडकीतून निघून जातो.

दिल्लीहून बागडोगऱ्याला जाणारे विमान पूर्वेकडे सरकत असते, म्हणून सगळा हिमालय डावीकडे राहतो. जाताना ‘ए’, येताना ‘एफ’. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३५० किलोमीटर दूर असते. त्यामुळे विमान मैदानावरून उडत असले तरी ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट आणि ८,५८६ मीटरची कांचनजंगा स्वच्छ हवेत दिसू शकतात. दिल्ली ते काठमांडू प्रवासातही बाजू डावीच, पण तिथे अनेकांची फसगत होते. धौलागिरी, अन्नपूर्णा, मनास्लू ओळीने दिसतात. एव्हरेस्ट मात्र काठमांडूच्याही पूर्वेला, म्हणजे जवळजवळ नाकासमोर, आणि समोरचे पाहायची सोय फक्त वैमानिकाला. काठमांडूहून भूतानमधील पारोकडे जाताना तो डाव्या खिडकीत येतो.

बाजूइतकेच महत्त्व उन्हाला. उत्तर भारतात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून उत्तरेकडच्या शिखरांवर समोरून प्रकाश पडतो. लेहचे गणित वेगळे आहे. तिथली उड्डाणे मुख्यतः सकाळची, कारण दुपारनंतर दरीत वारे उठतात. विमान उत्तरेकडे जात असते, ऊन पूर्वेचे. उजव्या खिडकीवर ते थेट आले की काचेवरचा प्रत्येक ओरखडा चकाकतो. डोंगर दोन्ही बाजूंना आहेत, तरी सकाळी जाताना डावी बाजू बरी. नुन आणि कुन ही सात हजार मीटरवरची जोडशिखरेही तिकडेच. सकाळीच परतायचे असेल तर उजवी.

मुंबईत विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून, घाटकोपरवरून उतरते. तेव्हा पवई तलाव आणि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उजवीकडे असतात. त्याच दिशेने उड्डाण झाले तर जुहूचा किनारा ओलांडताना वांद्रे–वरळी सागरी सेतू डावीकडे. वारा बदलला की धावपट्टीची दिशा उलटते आणि हा हिशेबही.

बाजू ठरली की पंख टाळायचा. मधल्या रांगांतून खाली पाहिले तर पत्राच दिसतो. आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरता येतात, पण ती बहुधा पंखावरच असते. पंखाच्या लगेच मागे इंजिनाच्या गरम हवेने दृश्य थरथरते, म्हणून अगदी पुढे किंवा अगदी मागे बसावे. एटीआर विमानाचा पंख खिडक्यांच्या वर असतो, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते. फक्त पंख्याच्या शेजारची रांग सोडावी.

खिडकीच्या आसनाला खिडकी असतेच असे नाही. खिडक्यांमधले अंतर विमानाच्या सांगाड्याने ठरते, आसनांमधले विमान कंपनी ठरवते. बोइंग ७३७ मध्ये तर पंखाच्या जरा पुढे वातानुकूलनाच्या नळीमुळे एका ठिकाणी खिडकीच नसते. पैसे भरण्याआधी आसनांचा आराखडा पाहिलेला बरा.

हिमालयासाठी ऑक्टोबर–नोव्हेंबर उत्तम. पावसाने हवा धुतलेली असते. एप्रिल–मे महिन्यांत धुरळा फार, पावसाळ्यात ढग.

छायाचित्रासाठी कॅमेरा काचेजवळ धरावा, पण टेकवू नये, थरथर उतरते. ध्रुवणकारी फिल्टर काढून ठेवावा. खिडकीच्या प्लास्टिकमुळे चित्रात इंद्रधनुषी पट्टे उमटतात. लेह, पुणे आणि दाबोळी येथील धावपट्ट्या संरक्षण दलांच्या आहेत. तिथे जमिनीवर असताना कॅमेरा बंदच ठेवावा लागतो.