युरोपातली शिवाशिव



मागच्या भाषणानंतर एका मुलाने मला विचारले, "काका, गोऱ्या लोकांत शिवाशिव होती का हो?" मी पटकन 'नाही' म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकले. आज दुरुस्त करतो.

फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीज डोंगर आहे. त्याच्या दोन्ही अंगांना 'कागो' नावाचे लोक राहत. स्पेनमध्ये त्यांना 'आगोते' म्हणत. धर्म तोच ख्रिस्ती, भाषा गावचीच, रंगरूपही तेच. तरी वस्ती वेगळी. चर्चमध्ये जायला दरवाजा वेगळा, तोही बहुधा बुटका. तीर्थाच्या पाण्याचे भांडे वेगळे. काही ठिकाणी पाद्री प्रसादाची भाकर काठीच्या टोकाला लावून पुढे करायचा! कपड्यावर लाल कापडाचा बदकाचा पाय शिवायची सक्ती. अनवाणी चालायला बंदी. मेल्यावर पुरायची जागासुद्धा वेगळी. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना यातले काही नवीन वाटणार नाही.

धंदा मुख्यतः सुतारकीचा. आणि गंमत बघा, लाकडाला मात्र विटाळ नव्हता. १३७९ मध्ये गास्तों फेबुस या काउंटने मोंताने किल्ल्याच्या लाकूडकामाचा करार याच लोकांशी केला.

मग विटाळ कशाचा? कोणी म्हणे हे महारोग्यांचे वंशज, कोणी म्हणे हरलेल्या गॉथ सैनिकांचे. १६०० साली तुलूझला डॉक्टरांनी काही जणांना तपासले. रोग सापडला नाही. विटाळ चालूच! आपल्याकडे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात स्पृश्य-अस्पृश्यांत वंशाचा भेद नाही असे मांडले, तेव्हा लोकांना ते तरी कुठे पटले?

पण ही माणसे गप्प बसली नाहीत. १५१४ च्या सुमारास नवार प्रांतातल्या आगोतांनी थेट पोप दहावा लिओ याच्याकडे अर्ज केला. पोपने त्यांना इतरांसारखेच वागवा असे कळवले. हुकूम आला, पण गावे ऐकेनात. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीनंतर कायद्याने सगळे सारखे झाले, मनातले जायला मात्र पुढे कित्येक वर्षे लागली. तिकडच्या काही जुन्या चर्चच्या भिंतीत ती बुटकी दारे आजही दिसतात, काही दगडांनी बुजवलेली.

तो मुलगा आज समोरच बसला आहे. त्याने आणखी काही विचारले, तर या वेळी मी घरी जाऊन वाचेन आणि मगच सांगेन.

जयभीम!