भिंत चाटणारी म्हैस

मुक्या जनावराला बोलता येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. आज मी तुम्हाला आमच्या एका म्हशीची गोष्ट सांगणार आहे. ती रोज बोलत होती. आम्हालाच ते कळलं नाही.

१९८२ सालची गोष्ट. मी सातवीत होतो. माणदेशात आमची थोडी कोरडवाहू जमीन आणि दारात चंद्री नावाची म्हैस. तिच्या दुधावर घरातलं तेल-मीठ चालायचं, माझ्या वह्या यायच्या. त्या उन्हाळ्यात ती गाभण होती, दिवस भरत आले होते. खायला वाळला कडबा, दुसरं काही नाही. आणि चंद्री गोठ्याची भिंत चाटायला लागली. पांढऱ्या मातीची भिंत, तिला तिनं चाटून चाटून खळगा पाडला. मग दोरीवरचं फडकं चघळलं. एकदा अब्बांची जुनी चप्पल चावून टाकली. उकिरड्यावरचं हाड तोंडात धरून उभी राहिलेलीही मी तिला पाहिलं.

शेजारी म्हणाले, खोड लागली. अब्बांनी बाजारातून मुसकं आणलं. ते तिच्या तोंडाला बांधायचं काम माझ्याकडे आलं. ती मान बाजूला न्यायची, मी दटावून बांधायचो.

चंद्री व्याली, पारडी झाली, गल्लीत खरवस वाटला. तीन आठवड्यांनी एका सकाळी अम्मा शेण काढायला गेली ती ओरडतच बाहेर आली. चंद्रीचं मूत कोऱ्या चहासारखं तांबडं-काळं झालं होतं. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं करणी. अम्मानं दर्ग्यातली उदी आणली, शेजारच्या काकूंनी मरीआईचा अंगारा लावला. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून पशुवैद्य आले. त्यांनी चंद्रीच्या डोळ्याची पापणी उलटून पाहिली. आतून कागदासारखी पांढरी होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ही माती खात होती का?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगात फॉस्फरस कमी पडला होता. ती तेच शोधत होती." त्यांनी इंजेक्शन दिलं, पण वेळ गेली होती. दिवेलागणीला चंद्री गेली.

मी पशुवैद्य नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्या एका वाक्यामुळे पुढं जे सापडेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो.

जनावराच्या अंगातला बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. उरलेला थोडासा, पण त्यावर सगळा देह चालतो. रक्तातल्या तांबड्या पेशींना धड राहायलाही तो लागतो. व्याल्यावर दुधावाटे तो भराभर जातो. खाण्यात आधीच कमी असेल तर पेशी फुटायला लागतात आणि त्यांतला तांबडा रंग मुतावाटे बाहेर पडतो. मात्र प्रत्येक तांबडं मूत याच कारणानं होत नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही तसंच दिसतं. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं.

हाडं चघळणारी गुरं एकट्या माणदेशातच नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या माळरानांवर गुरं मेलेल्या जनावरांची हाडं खात आणि लुळी पडून मरत. अर्नोल्ड टायलर या मूळच्या स्विस पशुवैद्यानं १९२० च्या सुमारास त्याचा उलगडा केला. सडक्या हाडांतल्या विषानं गुरं मरत होती हे खरं, पण ती हाडांकडे वळत होती ते तिथल्या गवतात फॉस्फरस नव्हता म्हणून. हाडांचा स्वच्छ चुरा खाऊ घातल्यावर त्यांची हाडांची ओढ थांबली. म्हणजे खोड जनावराला नव्हती. उणीव जमिनीत होती, ती गवतात आली आणि गवतातून गुरांच्या अंगात उतरली.

आपल्याकडे आता दारात संकरित गाई आल्या. एक लिटर दुधाबरोबर गाईच्या अंगातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम जातं, चिकात तर त्याहून जास्त. भरपूर दूध देणारी गाय व्याली की एक-दोन दिवसांत कधी कधी अचानक बसते, उठत नाही, मान कुशीवर टाकते. कान गार पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात, पण अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की मेल्यासारखी पडलेली गाय बघता बघता उठून उभी राहते. तेच घाईनं दिलं तर हृदय बंद पडतं. म्हणून बाटली आणून घरीच सलाईन लावायचं धाडस कुणी करू नये.

ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. महिनोन्‌महिने जनावरांपुढे नुसतं उसाचं वाढं पडतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते पोटातलं कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दावण हिरवीगार दिसते आणि जनावराची हाडं आतून रिती होत जातात.

कमी पडणं जसं वाईट, तसं तोल जाणंही वाईट. आमच्याकडे बकरी ईदेसाठी बोकड पाळतात. पोरं त्याला जीव लावतात, ओंजळी भरभरून गहू, मका, कोंडा चारतात. धान्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम थोडं. खरं तर कॅल्शियम दुप्पट हवं. हे उलटं झालं की लघवीच्या वाटेत खडे अडकतात. खच्ची बोकडाला हा धोका अधिक. तो कुंथत उभा राहतो, लोकांना वाटतं पोट बिघडलं. तिथं मायाच घात करते. पाला-चारा भरपूर, धान्य बेताचं आणि प्यायला सतत स्वच्छ पाणी, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ बोकड वाचतील.

मग करायचं काय? पुष्कळांना वाटतं, मूठभर मीठ टाकलं की झालं. मीठ हवंच, पण त्यात ना कॅल्शियम, ना फॉस्फरस. त्यासाठी क्षार मिश्रण असतं, दुकानात त्याला मिनरल मिक्श्चर म्हणतात. दुभत्या मोठ्या जनावराला रोज साधारण ५० ग्रॅम, वासराला २० ते २५ ग्रॅम, पेंडीत कालवून. गाभण जनावराचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. गाई-म्हशींचं मिश्रण मेंढ्यांना मात्र घालू नये, त्यातलं तांबं मेंढीला विषासारखं बाधू शकतं. कडब्याबरोबर थोडा कोंडा, थोडी पेंड द्यावी. जनावर माती खात असेल तर जंतांचं औषधही विचारून घ्यावं, कारण जंतांमुळेही अशी भूक लागते.

हे सगळं महाग नाही. चंद्रीला वाचवायला लागलं असतं त्याचा खर्च मुसक्याच्या किमतीहून फार नसता.

ते मुसकं पुढं कित्येक वर्षं आमच्या गोठ्यातल्या खुंटीला लटकत होतं. अम्मानं ते कधी टाकू दिलं नाही आणि पुन्हा कधी कुणाला बांधूही दिलं नाही. तुमच्या दारातलं जनावर भिंत चाटताना दिसलं, चिंधी चघळताना दिसलं, तर त्याचं तोंड बांधू नका. ते काहीतरी मागतंय. काय मागतंय, तेवढं विचारून या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)