शहाऐंशीवा मजला

न्यूयॉर्क शहरातील एम्पायर स्टेट बिल्डिंग ही इमारत बांधली गेली ती कचेऱ्या भाड्याने देऊन पैसा मिळविण्यासाठी. व्यापाऱ्यांनी, वकिलांनी आणि कारखानदारांनी तिचे मजले घ्यावेत, त्यांच्या कारकुनांची सकाळ-संध्याकाळ तेथे ये-जा व्हावी आणि महिन्याच्या महिन्याला भाडे जमा व्हावे, असा सरळ हिशेब तिच्या मालकांनी मांडला होता. ८६ व्या मजल्यावरील प्रेक्षकसज्जाला या हिशेबात स्थान होते, पण ते दुय्यम होते. प्रत्यक्षात मात्र असे घडले की, ज्यांच्यासाठी इमारत उभारली ते भाडेकरू आलेच नाहीत, आणि घटकाभर वरून शहर पाहून खाली उतरणाऱ्या सामान्य माणसाने तिला तारले. या गोष्टीत आजच्या शहरांनी ध्यानात ठेवावे असे बरेच काही आहे.

फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ३४ वा रस्ता यांच्या नाक्यावरील या जागी पूर्वी वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हे धनिकांचे प्रसिद्ध हॉटेल होते. १९२९ च्या शरद ऋतूत ते पाडण्याचे काम हाती घेतले गेले, आणि त्याच सुमारास, ऑक्टोबरअखेर, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अशा वेळी एखाद्या सावध माणसाने हात आखडता घेतला असता. परंतु भांडवल उभे करणारे जॉन रास्कॉब आणि न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ यांनी माघार घेतली नाही. १७ मार्च १९३० रोजी बांधकामास आरंभ झाला. विल्यम लॅम्ब या वास्तुशिल्पज्ञाने सिद्ध केलेल्या आराखड्यानुसार ५७,००० टन पोलादाचा सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले या गतीने वर चढत गेला, आणि अवघ्या ४१० दिवसांत १,२५० फूट उंचीची, १०२ मजल्यांची इमारत पुरी झाली.

या वेगामागे एक साधी युक्ती होती. कामाचा जोर असताना एका दिवसात ३,४०० पर्यंत कामगार तेथे राबत असत. दुपारच्या जेवणासाठी एवढी माणसे खाली उतरवून पुन्हा वर चढवावयाची, तर कामाचे किती तास वाया गेले असते! म्हणून कंत्राटदारांनी इमारत जसजशी वाढेल तसतशी तिच्या वेगवेगळ्या मजल्यांवर तात्पुरती उपाहारगृहे थाटली. स्वस्त आणि गरम अन्न कामाच्या जागीच मिळू लागले. या इमारतीत उंचावर बसून कॉफी पिणारे पहिले लोक म्हणजे डोक्यावर छप्पर नसलेल्या सांगाड्यात रिव्हेट ठोकणारे कामगार होत. लुईस हाइन या छायाचित्रकाराने त्यांची जी चित्रे टिपली, ती आज त्या काळाचा मोलाचा दस्तऐवज ठरली आहेत. अधिकृत नोंदीप्रमाणे पाच कामगारांनी या कामात प्राण गमावले.

१ मे १९३१ रोजी वॉशिंग्टनमध्ये बसून राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी एक कळ दाबली आणि इमारतीचे दिवे उजळले. ज्या स्मिथसाहेबांना हूव्हर यांनी १९२८ च्या निवडणुकीत हरविले होते, तेच स्मिथ या समारंभाचे यजमान होते. पण समारंभ आटोपला, पाहुणे गेले आणि महामंदीचे कठोर सत्य उरले. जेमतेम चतुर्थांश जागेला भाडेकरू मिळाले होते. ‘एम्पायर’ या शब्दाशी खेळ करून लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’, म्हणजे रिकामी इमारत, म्हणू लागले. शहरात बेकारांच्या रांगा लागल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर जगातील सर्वांत उंच वास्तू रिकामी उभी होती.

परंतु लिफ्ट चालू होत्या, आणि ८६ व्या मजल्यावर जाणाऱ्यांची गर्दी काही कमी होईना. तिकीट एक डॉलरचे होते. त्या दिवसांत एक डॉलर ही काही क्षुल्लक रक्कम नव्हती. तरीही खेड्यांतून, लहान शहरांतून आलेली कुटुंबे, नवविवाहित जोडपी, शाळांतील मुले आणि रजेवर आलेले खलाशी ती मोजून वर जात. वर चहापाण्याचीही सोय होती. पहिल्या वर्षी या सज्जाचे उत्पन्न सुमारे २० लाख डॉलर झाले, आणि साऱ्या कचेऱ्यांचे मिळून जे भाडे आले तेही जवळजवळ तेवढेच होते. पुढे १९३३ च्या ‘किंगकाँग’ या चित्रपटातील महाकाय वानर याच शिखरावर चढले आणि इमारतीचे नाव जगभर झाले. तरीही मालकांना खरा नफा दिसू लागण्यास १९५० च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या खडतर काळात डॉलर-डॉलरने जमलेल्या या पैशाचा आधार मोठा होता.

शिखराचीही एक कथा आहे. ८६ व्या मजल्यावर जो मनोरा दिसतो, तो हवाई जहाजे बांधण्याचा खुंट म्हणून योजिला होता. अटलांटिक ओलांडून आलेले हवाई जहाज येथे थांबावे, उतारूंनी लहानशा फळीवरून इमारतीत पाऊल टाकावे आणि काही मिनिटांत रस्त्यावर पोहोचावे, अशी ती कल्पना होती. कागदावर ती आकर्षक होती. वाऱ्याने मात्र ती मान्य केली नाही. उंच भिंतींवर आपटून वर उसळणाऱ्या वाऱ्यापुढे जहाज स्थिर राहीना. सप्टेंबर १९३१ मध्ये एक लहान जहाज मोठ्या प्रयासाने काही मिनिटे दोराने बांधून ठेवता आले, एवढेच. अखेरीस तो बेत सुटला आणि १०२ व्या मजल्यावरील ती चिंचोळी जागाही प्रेक्षकांच्याच वाट्याला आली. २०१९ मध्ये तिचे नूतनीकरण होऊन तेथे जमिनीपासून छतापर्यंत काचा बसविल्या गेल्या.

आजचा प्रवासी ३४ व्या रस्त्यावरील दारातून आत शिरतो आणि लिफ्टने ८० व्या मजल्यापर्यंत येतो. तेथून आणखी सहा मजले चढले की दार उघडते आणि अंगावर वारा येतो. ८६ व्या मजल्याचे वैशिष्ट्य हेच की येथे काचेचा पडदा नाही. १,०५० फुटांवर मनुष्य मोकळ्या हवेत उभा असतो. खालून मोटारींचा अस्पष्ट गुंजारव येत असतो. पिवळ्या टॅक्सी मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकताना दिसतात. उत्तरेला उंच इमारतींच्या कोंदणात बसविलेला सेंट्रल पार्कचा हिरवा आयत आहे. ईशान्येस क्रायस्लर इमारतीचे चकचकीत टोक आहे. दक्षिणेला फ्लॅटआयर्न ही त्रिकोणी इमारत, तिच्यापलीकडे बंदर आणि बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा इवलासा पुतळा दिसतो. पश्चिमेस हडसन नदी आणि तिच्यापलीकडे न्यू जर्सी राज्य. तेथे आता मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि महाराष्ट्रातून मुलाकडे वा लेकीकडे आलेल्या आईवडिलांना जी स्थळे आवर्जून दाखविली जातात, त्यांत हा सज्जा असतोच. “आपलं घर कुठल्या बाजूला रे?” असे विचारणाऱ्या वडिलांना नदीपलीकडे बोट दाखविणारा मुलगा येथे सहज भेटेल.

या उंचीवरून शहराचा स्वभाव कळतो. रस्त्यांची काटकोनातील आखणी १८११ च्या आराखड्याने ठरली. तिला तिरके छेदून जाणारा ब्रॉडवे हा त्याहून जुना मार्ग वरून लगेच ओळखू येतो. जुन्या उंच इमारती वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी आत का सरतात, याचेही उत्तर येथे मिळते. १९१६ मध्ये शहराने नियम केला की, इमारत उंच न्यावयाची असेल तर तिने ठरावीक उंचीनंतर मागे सरावे; कारण रस्त्यावरील माणसाला ऊन आणि हवा मिळालीच पाहिजे. एम्पायर स्टेटचा डौलदार आकार हा वास्तुशिल्पज्ञाच्या प्रतिभेइतकाच या नियमाचाही परिणाम आहे. मालकाच्या जागेवर शहराचाही काही हक्क असतो, हे तत्त्व त्या दगडी पायऱ्यांत कोरले गेले आहे.

या मजल्याने दुःखही पाहिले आहे. २८ जुलै १९४५ च्या धुकट सकाळी अमेरिकन लष्कराचे एक बॉम्बफेकी विमान वाट चुकून ७८ ते ८० या मजल्यांच्या भागावर आदळले आणि १४ माणसे मृत्युमुखी पडली. एक लिफ्टचालक तरुणी दोर तुटलेल्या लिफ्टसह ७५ मजले खाली कोसळली आणि तरीही वाचली. १९४७ मध्ये थोड्याच दिवसांत अनेकांनी सज्जावरून आत्महत्येचा प्रयत्न केला, तेव्हा कठड्यावर उंच जाळी बसविण्यात आली. आज पाहणाऱ्याच्या आणि आकाशाच्या मध्ये जे गज येतात, ते त्या वर्षाचे स्मरण होय. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत, झगमगाटाने भांबावून ते भिंतींवर आपटू नयेत म्हणून, रात्री शिखराचे दिवे मालविण्याची प्रथाही येथे पडली.

शहरातील इतर उंच सज्जांचे नशीब एवढे बलवत्तर ठरले नाही. वूलवर्थ इमारतीचा सज्जा १९४१ मध्ये आणि क्रायस्लर इमारतीचा १९४५ मध्ये बंद झाला. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात १०६ व्या आणि १०७ व्या मजल्यांवर १९७६ पासून ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ हे उपाहारगृह होते. ढगांच्या पातळीवर बसून जेवण्याची हौस तेथे पुरी होई. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी तेथे कामावर आलेले सत्तरहून अधिक कर्मचारी, म्हणजे आचारी, वाढपी, भांडी घासणारे, मनोऱ्याबरोबर नाहीसे झाले. त्यांच्यांत देशोदेशींहून पोटासाठी आलेले लोक पुष्कळ होते. उंचावरच्या कॉफीच्या पेल्यामागे कोणाचे श्रम असतात, याची जाणीव त्या दिवसाने जगाला फार क्रूरपणे करून दिली.

एम्पायर स्टेटचा सज्जा मात्र टिकला. महामारीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, तो बंद ठेवावा लागला आणि २० जुलै २०२० रोजी पुन्हा उघडला. आजही इमारतीच्या उत्पन्नात प्रेक्षकांच्या तिकिटांचा वाटा मोठा आहे. तळाशी, रस्त्याच्या पातळीवर, २०२२ मध्ये एका जगप्रसिद्ध कंपनीने तीन मजल्यांचे कॉफीगृह थाटले, आणि वरून उतरलेले प्रवासी वाऱ्याने गारठलेले हात पेल्यावर शेकत तेथे बसलेले दिसतात. एवढ्या यशानंतर इतर मालकांनाही शहाणपण सुचले नसते तरच नवल! २०२० आणि २०२१ या लागोपाठच्या वर्षांत त्याच परिसरातील दोन नव्या गगनचुंबी इमारतींनी आपापले सज्जे उघडले. जी गोष्ट १९३१ मध्ये दुय्यम होती, ती आता उंच इमारतीच्या आर्थिक आराखड्यात पहिल्या पानावर येऊन बसली आहे.

मात्र याच ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो. १९३१ चा एक डॉलर म्हणजे आजचे सुमारे २० डॉलर. आज ८६ व्या मजल्याचे तिकीट ४० डॉलरहून अधिक आहे. म्हणजे महागाई वजा करूनही ते दुपटीपेक्षा अधिक झाले. ज्या माणसाने अडचणीच्या काळात इमारतीला हात दिला, त्याच्याच वंशजांना कुटुंबासह वर जावयाचे तर खिसा चाचपावा लागतो. लंडन शहराने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले. फेनचर्च स्ट्रीटवरील उंच इमारतीला परवानगी देताना तिच्या माथ्यावर लोकांसाठी विनामूल्य बाग ठेवण्याची अट घातली गेली. २०१५ मध्ये ती बाग उघडली. आधी नाव नोंदवून कोणीही वर जावे, झाडांच्या सोबतीने थेम्स नदी पाहावी, वाटल्यास कॉफी घ्यावी, आणि पैसे द्यावेत ते फक्त कॉफीचे. नावनोंदणीस गर्दी होते, बागेच्या हिरवाईबद्दल टीकाही झाली. पण पाहण्याचा हक्क तिकिटावर अवलंबून राहिला नाही.

मुंबईत आणि देशातील इतर मोठ्या शहरांत आता उंच इमारतींचे मनोरे झपाट्याने उभे राहत आहेत. त्यांचे माथे बहुधा राहणाऱ्यांच्या वा कंपन्यांच्या खाजगी उपयोगाचे असतात. त्या इमारतींना लागणारे पाणी, रस्ते, वीज आणि हवा मात्र साऱ्या शहराची असते, आणि त्यांची सावलीही साऱ्या शहरावर पडते. आराखडा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असा एखादा नकाशा येईल, तेव्हा त्याने सर्वांत वरच्या मजल्यापाशी क्षणभर थांबावे आणि तेथे रस्त्यावरच्या माणसाला जागा आहे काय, एवढे विचारावे. परवानगीच्या कागदावर ही अट लिहावयास फार तर दोन ओळी लागतात.