नाव, व्यवसाय आणि व्यासंग



ग्रंथालयाच्या सूचीवर व्याख्यान आहे हे ठाऊक असूनही आपण या उकाड्यात इतक्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. सूची हा विषय रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. पंचांगही रुक्षच असते. परंतु त्यावाचून आपली कार्ये ठरत नाहीत.

सूचीत ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव आणि विषय या तीन गोष्टी हमखास सापडतात. पण तो कर्ता पोटासाठी काय करीत होता आणि त्याला ज्ञान कशाचे होते, हे बहुधा सापडत नाही. ते नोंदवावे काय, आणि नोंदवावयाचे तर कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम अगदी व्यवहारातली अडचण घेऊ. गोव्यात जन्मलेले धर्मानंद दामोदर कोसंबी आणि त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी यांची नावे इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिली की दोघेही डी. डी. कोसंबीच होतात. वडील (1876–1947) पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे पंडित. मुलगा (1907–1966) गणिताचा प्राध्यापक. तसेच बहिणाबाईंचे. एक बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. दुसऱ्या बहिणाबाई चौधरी, खानदेशातल्या शेतकरी, ज्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 साली पुस्तकरूपाने आली. कवयित्री दोघीही. तेव्हा ‘कवयित्री’ एवढे लिहून काम भागत नाही. एकीपुढे ‘संत’ आणि दुसरीपुढे ‘शेतकरी’ असे लिहिले की गोंधळ मिटतो. सूचिकार पूर्वीपासून नावापुढे व्यवसाय लिहीत आले ते मुख्यतः अशा सारख्या नावांची फारकत करण्यासाठी.

परंतु एवढ्यावर थांबावयाचे कारण नाही. समजा, एखाद्या वाचकाने ग्रंथपालाकडे शेतीवरची पुस्तके मागितली, तर ती विषयवार सूचीतून क्षणात निघतील. पण त्याने “शेतकऱ्यांनी लिहिलेली पुस्तके द्या” असे म्हटले तर? किंवा “गिरणीत राबलेल्या माणसाची कविता द्या” असे म्हटले तर? नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा 1966 सालचा संग्रह कपाटात असेल, सूचीत ‘मराठी कविता’ या सदराखालीही असेल. पण सुर्वे गिरणी कामगार होते, शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले, हे सूचीला ठाऊक नसते. ग्रंथपालाला ठाऊक असेल तर वाचकाचे भाग्य. ग्रंथपाल निवृत्त झाला की ते भाग्यही निवृत्त होते! वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे डॉ. रंगनाथन यांच्या 1931 सालच्या पाच सूत्रांतले एक सूत्र. ते पाळावयाचे तर ही माहिती ग्रंथपालाच्या डोक्यातून सूचीत उतरली पाहिजे.

आता, व्यवसाय आणि व्यासंग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माणूस उपजीविकेसाठी करतो तो व्यवसाय, आणि जन्मभर ज्याचा ध्यास घेतो तो व्यासंग. धाकट्या कोसंबींचा व्यवसाय गणिताचा. पण त्यांनी जुन्या नाण्यांची वजने करून त्यांना संख्याशास्त्र लावले, 1948 साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला. सूचीत नुसते ‘गणितज्ञ’ लिहिले, तर इतिहासाचा विद्यार्थी ‘हे आपल्या कामाचे नाहीत’ असे समजून पुढे जाईल.

उलट बाजूही पाहा. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली निघाले आणि ते मराठी घरांतून किती पसरले, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून आपण मोकळे झालो, तर त्या ज्ञानाची नोंद कोठे झाली? घरात चालणाऱ्या विद्येला पगार नसतो. म्हणून तिला रकानाही नसावा काय?

या दृष्टीने एक गोष्ट समाधानाची घडली आहे. आर. डी. ए. नावाची सूचीकरणाची नियमावली 2010 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात व्यक्तीचा व्यवसाय आणि तिचे कार्यक्षेत्र ही दोन अंगे वेगवेगळी मानली आहेत. संगणकावरील सूचीसाठी जो ‘मार्क’ नावाचा आराखडा वापरतात, त्यातही कार्यक्षेत्राला 372 आणि व्यवसायाला 374 क्रमांकाचा स्वतंत्र रकाना आहे. एका माणसाचे चार व्यवसाय असतील तर चारही लिहिता येतात, आणि कोणता केव्हापासून केव्हापर्यंत, हेही सांगता येते. खुद्द रंगनाथन गणित शिकवीत होते. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या नोंदीत दोन्ही व्यवसाय यावयास हवेत.

सोय झाली, पण ती वापरताना विवेक हवा. आपल्याकडे सुतार, सोनार, कुंभार, जोशी, कुलकर्णी ही आडनावेच मुळी धंद्यांची. जन्माने चिकटलेला धंदा माणसाच्या कपाळावर कसा कायमचा लिहिला जातो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेव्हा व्यवसायाचा रकाना हा जातीचा चोरदरवाजा होता कामा नये. जे कुळाकडून आले ते येथे लिहावयाचे नाही. माणसाने स्वतः जे केले, तेवढेच लिहावयाचे. ही माहिती ग्रंथाच्या प्रस्तावनेतून मिळाली की चरित्रातून, हेही नोंदीत सांगावे. आणि हयात लेखकाच्या बाबतीत त्याने स्वतः जेवढे प्रसिद्ध केले असेल, त्यापलीकडे जाऊ नये. सूची म्हणजे चावडी नव्हे.

माणूस स्वतःला काय म्हणवतो, हेही पाहिले पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन दिले. त्याखाली स्वतःच्या नावापुढे त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशा तीन गोष्टी लिहिल्या. 1848 साली मुलींची शाळा काढणाऱ्या या पुरुषाने स्वतःला तेथे ना शिक्षक म्हटले, ना सुधारक. आज आपण त्यांच्या नोंदीत ‘समाजसुधारक’ हा शब्द घालतो, आणि तो घातलाच पाहिजे. परंतु त्यामुळे ‘व्यापारी’ आणि ‘शेतकरी’ हे शब्द गळता कामा नयेत. सुधारणेची भाषा बोलणारा हा माणूस बाजार आणि शेत दोन्ही जाणत होता, हे ‘शेतकऱ्याचा असूड’ हाती घेणाऱ्या वाचकाला आधी कळले, तर त्याचे वाचनच बदलेल.

मोठ्यांची चरित्रे तरी आहेत. काळजी आहे ती लहानांची. गावातल्या एखाद्या वैद्याने, कंपोझिटरने, सुईणीने किंवा प्राथमिक शिक्षकाने आयुष्यात एकच चोपडे छापलेले असते. त्याची एक प्रत आपल्या वाचनालयात असते आणि लेखकाला ओळखणारी चार माणसे अजून हयात असतात. ती चार माणसे गेली की उरते फक्त नाव. विद्या कोठे जन्मली हे पुसले गेले म्हणजे विद्या फक्त पदवीधरांकडेच असते, असा समज पुढच्या पिढीचा होतो. आणि तो खोटा आहे, हे दाखविण्यास पुरावा राहत नाही.

म्हणून आपल्याकडे माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या वेळी वाचनालयात जाल तेव्हा नुसते पुस्तक बदलून परत येऊ नका. आपल्या गावच्या एखाद्या जुन्या लेखकाविषयी आपणास जे खात्रीने ठाऊक असेल, ते ग्रंथपालांना सांगा. तो काय करीत होता आणि त्याला काय येत होते, हे दोन्ही सांगा. दोन ओळी पुरेत. त्या सूचीत गेल्या, की त्या माणसाच्या नावामागे पुन्हा माणूस उभा राहील.