जे फूल दिसतं, ते फूल नसतंच!

एसटीत असाल, कॉलेजच्या कट्ट्यावर असाल किंवा आगरात शिपणं करत असाल, इअरफोन नीट बसवा. आज बोलूया लालभडक, पिवळ्याधमक फुलांबद्दल आणि आपल्या रत्नागिरीबद्दल.

आधी एक गंमत. मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर खेकड्याच्या नांग्यांसारखी लाल-पिवळी फुलं पाहिलीयत ना? ती हेलिकोनिया. मूळची उष्ण अमेरिकेतली. पण त्यात जे रंगीत दिसतं ते फूल नाहीच! ती रंग चढलेली पानं, शास्त्रात त्यांना छद म्हणतात. खरं फूल बारीकसं, आत लपलेलं. अँथुरियमचं चकचकीत लाल 'फूल' तसंच, आणि बोगनवेलीचंही तेच.

यात आपला काय फायदा? बघा, पाकळी नाजूक, पान चिवट. जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. म्हणजे तिचं गिऱ्हाईक जवळ हवं, गावातलं देऊळ, घरचा गणपती. हेलिकोनिया मात्र कापल्यावर आठवडाभर सहज टिकते, अँथुरियम दोन आठवड्यांच्या पुढेही जातं. मुंबई इथून सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. एवढा प्रवास करून दादरच्या फुलबाजारात टवटवीत पोचेल असं फूल हवं असेल, तर ते हे.

आता जागा. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरहून जास्त, पण तो चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने कोरडे. कातळावरच्या उघड्या सड्यावर हेलिकोनिया लावाल तर पानं करपतील. तिथे बोगनवेलच लावा, तिला ऊन जेवढं मिळेल तेवढं हवं. हेलिकोनियाची जागा आगरात, माडा-पोफळीखाली. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडांमध्ये मिरी, जायफळ, दालचिनी घेऊन 'लाखी बाग' दाखवली, ती ऐकून असालच. सावली हेही भांडवल आहे, हाच तिचा धडा. फक्त सावली गच्च नको. कवडसे पडले पाहिजेत, नाहीतर नुसती पानं वाढतात.

लागवड कठीण नाही. हेलिकोनिया केळीच्याच भाऊबंदांतली, कंदापासून येते. दोन कंदांत मीटरभर अंतर ठेवा. वाफा उंच करा, कारण पावसाळ्यात पाणी साचलं की कंद कुजतो. शेणखत, पालापाचोळा भरपूर घाला. एका दांड्याला एकदाच फूल, मग केळीसारखाच तो बुंध्यातून कापायचा, बाजूची पिलं येतातच. अँथुरियमला मात्र मातीपेक्षा सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे आवडतात, आणि वर दाट शेडनेट लागतं.

काढणीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. कापल्यावर हेलिकोनिया आणखी उमलत नाही, म्हणून हवी तेवढी उमलल्यावरच सकाळी कापा. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका! उष्ण देशातली बाई ती, थंडीने काळी पडते. छदांत पाणी आणि मुंग्या असतात, ते धुऊन, झटकून मगच बांधा.

आता खरं बोलूया. रोज हार-गजऱ्याला लागणारं हे फूल नाही. ते घेतात सजावटवाले, हॉटेलवाले, लग्नाचे मांडववाले. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग गुंठा. दहा कंद लावा, वर्षभर सांभाळा, पहिली फुलं रत्नागिरीतल्याच एखाद्या सजावटवाल्याला दाखवा. तो परत फोन करतो का, ते बघा. केला, तर वाढवा. नाही केला, तर दहा कंदच गेले, आजोबांचं आगर जागच्या जागी आहे.

आपल्यापैकी बरेच जण मुंबईची गाडी पकडतात, आणि मागे आगर तणात जातं. दहा कंदांनी ते थांबेल असं मी म्हणणार नाही. पण नोकरी शोधता शोधता घरच्या सावलीची किंमत तरी काढून बघा. या रविवारी दुपारी बारा वाजता आगरात जा आणि जमिनीवर कवडसे कुठे पडतात ते मोबाईलवर टिपून ठेवा. बस, सुरुवात तिथून.

भेटूया पुढच्या भागात. येवा!